एकसष्टाव्या दिवसाची शेकोटी

सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी वडिलांचा फोन आला. ते म्हणाले, "मेली गं." कोण, हे तिला विचारावं लागलं नाही. दोनशे चौदा दिवस त्या दोघांच्या घरात जेवताना, चहा पिताना, कपडे वाळत घालताना त्याच बाईचा विषय निघत आला होता. पाठीवर मिठाची गोणी घेऊन बर्फाळ खिंड ओलांडणारी स्क्रीनवरची बाई. वडिलांनी तिला नाव दिलं नव्हतं. नावाची चौकट रिकामी सोडून ते म्हणाले होते, कामाला नाव लागत नाही. त्या गेममध्ये प्रत्येकाला एकच जीव होता. मेलं की संपलं, पुन्हा पहिल्यापासून, दुसरं पात्र घेऊन.

"कशी?" तिनं विचारलं.

"नदीवर. बर्फ फुटला. काठीनं ठोकून बघितला होता, बरं का. तीन वेळा. आवाजही घट्ट आला होता." मग जरा थांबून, साक्ष द्यावी तसं, "आणि मुक्कामाची शेकोटी मी विसरलो नव्हतो. पेटवली होती. वहीत लिहिलंय, वेळेसकट."

"तुम्ही विसरलात असं कोण म्हणतंय, बाबा?"

"कुणी नाही. मीच आपलं सांगतोय. ठेव आता, कामात असशील."

फोन ठेवल्यावरही तिचा हात फोनवरच राहिला. बाई मेली याचा धक्का तिला फारसा बसला नव्हता. सहा वर्षं ती हेच काम करत होती. गेम बनवणाऱ्या या कंपनीत टेस्टर म्हणून तिची नेमणूकच मुळी मरण्यासाठी झालेली होती. कड्यावरून उडी मारून बघायची, लांडग्यापुढे उभं राहून बघायचं, न उघडणाऱ्या दारावर दोनशे वेळा डोकं आपटायचं, आणि कुठे काय तुटतं ते लिहून ठेवायचं. हे कळल्यावर लाइनमन म्हणून निवृत्त झालेल्या वडिलांना केवढं हसू आलं होतं. "माझ्या खिशात टेस्टर आणि घरातही टेस्टर," ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. नदीवर पडलेली बाई ही तिच्यासाठी दिवसातली एक नोंद होती. धक्का बसला तो वहीचा. शेकोटी पेटवली हे माणूस वहीत कशाला लिहील? चौतीस वर्षं विजेच्या खांबांवर चढलेल्या माणसानं कधी एक ओळ लिहून ठेवली नव्हती. सगळं डोक्यात. कोणत्या गल्लीत कोणता खांब वाकलेला आहे, कोणत्या घराची वायर झाडाला घासते, सगळं. ती वही तिनं पाहिली होती, टीव्हीच्या शेजारी, पेन दोऱ्यानं बांधलेली. पाच महिने पाहत होती. तिला वाटलं होतं, गेमचा नाद लागलाय, हिशोबी खेळतायत. खरं तर तिला काहीच वाटलं नव्हतं, आणि आता वाटायला लागलं तेव्हा घड्याळात अकरा पंचवीस झाले होते.

तिनं सर्व्हरवरची त्या बाईची नोंद उघडली. प्रत्येक पात्राचं प्रत्येक पाऊल तिथे वेळेसह लिहिलेलं असतं. ती एरवी इतकं खोलात जात नसे. आठवड्याला सरासरी काढायची आणि तक्ता बनवायचा, एवढंच. सरासरी तिला पाठ होती. धोक्याच्या जागेपुढे माणूस किती सेकंद थांबतो, हे ती मोजत आली होती. मेल्यावर पुन्हा मागून खेळता येत असेल तर लोक बर्फापुढे दोन सेकंद थांबत. एकच जीव असेल तर एकोणीस. हे सतरा सेकंद म्हणजेच या गेमची मजा, असं तिचं ठाम मत होतं, आणि कंपनीतल्या वादात ती याच सतरा सेकंदांवर उभी राहिलेली होती. हे तिला शिकवलं होतं वडिलांनीच. फोनवरचे गेम त्यांनी आधी खेळून पाहिले होते आणि वैतागून ठेवून दिले होते. "हे काय, मेल्यावर साबणाची जाहिरात बघितली की जिवंत? मग मेलो कशाला?" म्हणून बाहेरच्या पन्नास लोकांकडून गेम तपासून घ्यायचं ठरलं तेव्हा तिनं त्यांचं नाव यादीत घातलं. पहिल्या आठवड्यातच ते म्हणाले होते, "मजा मरण्यात नसते गं. हात लावायच्या आधी जे अर्धं मिनिट थांबतो ना, त्यात असते. त्या अर्ध्या मिनिटात आपण सगळेच्या सगळे तिथे असतो. एरवी अर्धे कुठेतरी असतोच."

नोंदीचे आकडे खाली सरकत होते. साठ दिवसांपर्यंत एकोणीस, अठरा, एकवीस. एकसष्टाव्या दिवसानंतर एकतीस. मग चाळीस. गेल्या महिन्यात एक्कावन्न. हा तक्ता तिनंच रंगीत करून दिला होता, आणि भिंतीवर लावून खाली कोणीतरी लिहिलं होतं: माणूस कसा गुंतत जातो पाहा. ती आता पावलं वाचत गेली. बाई शेकोटी पेटवते. सहा पावलं जाते. परत येते. शेकोटीकडे पाहते. दहा पावलं जाते. परत येते. पाहते. एका मुक्कामात अकरा वेळा. आधीच्या साठ दिवसांत असं एकदाही नाही.

एकसष्टाव्या दिवशी काय झालं हे जगात तिला एकटीलाच माहीत होतं. ती साडेसहाला घरी आली होती. वडील खुर्चीत झोपलेले, मान एका बाजूला, हातात गेमचं बटणांचं यंत्र तसंच. स्क्रीनवर बाई बर्फात आडवी, आणि वर ती साधी पांढरी अक्षरं: इथे संपलं. शेकोटी न पेटवता डोळा लागला होता. घरात घड्याळाचा आवाज येत होता. तिला आठवतं, तिनं चपलाही काढल्या नव्हत्या. वडिलांच्या तोंडाचा कोपरा ओला होता आणि ते इतके लहान दिसत होते की तिनं दोनदा त्यांचा श्वास पाहिला. मग ती टेबलापाशी बसली आणि कामावर दिवसातून चाळीस वेळा करायची ते केलं. टेस्टिंगवाल्यांचा हा पहिला धडा असतो: धोक्याच्या आधी कॉपी घेऊन ठेवायची. वडिलांच्या बाईची कॉपी ती रोज सकाळी घेत होती. का, असं तिला कुणी विचारलं असतं तर तिनं सवय म्हटलं असतं. तिनं त्या सकाळची कॉपी लावली, बाईला मुक्कामाच्या जागी नेलं, लाकडं रचली, शेकोटी पेटवली आणि यंत्र वडिलांच्या हातात पुन्हा अलगद ठेवलं. तीन मिनिटांचं काम. ते जागे झाले तेव्हा ती चहा ठेवत होती.

"मी शेकोटी पेटवली होती का गं?"

"पेटवली की. समोर दिसतेय."

"मला आठवत नाही."

"झोपेत होतात तुम्ही."

"झोपेच्या आधी म्हणतोय मी." ते बराच वेळ स्क्रीनकडे पाहत राहिले होते. मग म्हणाले, "तू म्हणतेस तर असेल." हे वाक्य त्या माणसाच्या तोंडचं नव्हतं, आणि तिला तेव्हा ते ऐकू आलं नव्हतं. ज्याच्या जोडीदाराला कुणीतरी खालून ओरडून सांगितलं होतं की लाइन बंद आहे, चढ, आणि तो चालू तारेला चिकटून गेला. आणि जो शेजारच्या खांबावरून ते सगळं पाहत होता. तो माणूस पुढे सव्वीस वर्षं प्रत्येक नव्या पोराला एकच गोष्ट सांगत आला होता: दुसऱ्यानं सांगितलेलं बंद, ते बंद नव्हे. स्वतः बघायचं. त्या दिवशी ते घरी आले आणि मोरीत कितीतरी वेळ हात धूत राहिले, हे तिला आठवतं. ती नऊ वर्षांची होती. दुसऱ्या दिवशी आई दारात आडवी उभी राहिली, तरी ते कामावर गेले. त्या माणसाला तिनं वरून सांगितलं होतं: पेटवली की.

मग एकेक गोष्ट आपणहून येऊन रांगेत उभी राहायला लागली. स्कूटरची चावी वडिलांनी तिच्या टेबलावर ठेवली, "आता तूच चालव, मला गर्दीचा कंटाळा येतो." डॉक्टरकडे जाऊन आपणच सांगितलं, विसरायला होतं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, वयाच्या मानानं उत्तम म्हणाले, तरी एक गोळी दिली, आणि वडील ती रोज घेतात. घरातल्या प्रत्येक बटणाखाली चिकटपट्टी लावून अक्षर लिहिलं: पंखा, दिवा, गीझर. तिला ते पाहून हसू आलं होतं, लाइनमनच्या घरात बटणांना पाट्या. आणि स्वयंपाकघरातला दिवा. होल्डर जळाला त्याला दोन महिने झाले. ते म्हणाले होते, इलेक्ट्रिशियन बोलव. इलेक्ट्रिशियन तीन दिवसांत येतो म्हणाला आणि ते तीन दिवस अजून चालूच होते. दोघं बापलेक बाहेरच्या खोलीतल्या दिव्याच्या उजेडात भांडी घासत होते, आणि एकदाही तिच्या मनात आलं नाही की या माणसाला होल्डर बदलायला चार मिनिटं लागतात. लागत होती.

साडेबाराला कप्तान तिच्या टेबलाशी आला. कंपनी त्याची, पण त्याला कुणी साहेब म्हणत नसे. हातात कायम टोपी घेऊन फिरतो म्हणून कप्तान. "ऐकलं मी," तो म्हणाला. "नेमकं आजच मरायचं होतं का त्या बाईला?" चार वाजता गेम बाजारात आणणारे लोक येणार होते. एकच जीव ठेवायचा की नाही, हे त्यांच्यापुढे ठरायचं होतं. कप्तान एकच जीव ठेवायच्या बाजूचा होता आणि त्याच्याकडे एकच हुकमाचं पान होतं: शहात्तर वर्षांचा माणूस, एकच जीव, दोनशे चौदा दिवस, आणि अजून जिवंत.

"आज सकाळची कॉपी आहे ना तुझ्याकडे? असणारच. लाव ती. बाबांना सांगू, बर्फाच्या जाडीचं गणित आमचं चुकलं होतं, तुमची चूक नव्हती. खूशच होतील."

"गणित चुकलेलं नाही. मी बघितलं. ऊन चढलं होतं, बर्फ पातळ झाला होता. त्यांनी ठोकलं तेव्हा घट्ट होता, पाय टाकला तेव्हा नव्हता."

"कुणाला कळणारे?"

"मला."

"तू आपल्याच बाजूची आहेस ना, ताई?"

"म्हणून तर."

त्यानं टोपी घातली, काढली. "बघ बाई, तुझं तू," असं म्हणून तो गेला. जेवणाचा डबा तिनं उघडलाच नाही. खिडकीला जाड पडदा होता, ऊन स्क्रीनवर येऊ नये म्हणून, आणि पडद्याच्या फटीतून एक पट्टा तिच्या मनगटावर पडला होता. तो हळूहळू सरकत बोटांपर्यंत येईस्तोवर ती बसून राहिली. सायकल शिकवताना सगळ्यांचे बाप मागून ओरडतात, धरलंय धरलंय, आणि कधीच सोडलेलं असतं. तिचे वडील सोडायच्या आधी सांगत. "सोडतोय हं." ती दर वेळी पडे. ढोपर फोडून घेऊन ती रडत म्हणाली होती, सांगता कशाला, न सांगता सोडा ना, मैत्रिणींचे बाबा तसंच करतात. ते म्हणाले होते, मग तुला कसं कळणार, चालवतंय कोण? उन्हाचा पट्टा नखावर आला तेव्हा तिनं कॉप्यांची जागा उघडली. दोनशे चौदा कॉप्या होत्या, एकाखाली एक. तिनं सगळ्या निवडल्या आणि पुसल्या. संगणकानं विचारलं, नक्की का. ती अर्धं मिनिट थांबली, खरोखर, घड्याळात बघून नव्हे, पण तेवढंच असावं. मग तिनं हो म्हटलं.

मीटिंगमध्ये आधी आकडेवाला बोलला. एकच जीव नको, असं म्हणणाऱ्यांचा तो पुढारी. चांगला मुलगा, सभ्य, आणि त्याचा राग तिला कधी आला नव्हता. "पहिल्या मरणानंतर शंभरातले अठ्ठावन्न लोक परत येत नाहीत," तो म्हणाला. "माणूस दिवसभर बाहेर मार खाऊन घरी येतो. पोटापाण्याची, घरची, सगळी कामं अशी, की एकदा चुकलं ते चुकलं. निदान इथे तरी त्याला पुन्हा करू द्या की. माझी बहीण रोज दोन तास खेळते. तिला विचारलं, मजा कशात आहे? ती म्हणाली, पुसता येतं यात." पाहुण्यांपैकी एक बाई हसल्या. तिलाही ते पटलं, आणि पटलं म्हणून तिची पाठ अधिक ताठ झाली. कप्तानानं तक्ता लावला. एकोणीसपासून एक्कावन्नपर्यंत चढत गेलेली रेघ. तो म्हणाला, "आता हे आमच्या टेस्टर ताई सांगतील."

ती उभी राहिली. तिनं सांगितलं ते असं: हे पात्र दोनशे चौदा दिवस जगलेलं नाही. साठ दिवस जगलं, एकसष्टाव्या दिवशी मेलं, आणि मी ते खेळणाऱ्याला न सांगता परत उठवलं. पुढची रेघ गुंतण्याची नाही. तो माणूस शेकोटीकडे परतपरत जाऊन बघत होता, कारण स्वतःच्या डोळ्यांवर त्याचा विश्वास राहिला नव्हता. तो मी घालवला. तेव्हा हा तक्ता काढून टाका. एकोणीसची रेघ तेवढी खरी आहे, आणि माझं मत अजूनही तेच आहे, एकच जीव ठेवा. पुसता येतं ही मजा आहे, नाही असं नाही. पण माणसाला न विचारता पुसलं, तर तो खेळत नसतो, त्याला खेळवलेलं असतं.

आकडेवाल्यानं विचारलं, "ताई, खेळणारे तुमचे वडील ना?" ती हो म्हणाली. त्यानं पुढे काही विचारलं नाही. याबद्दल ती त्याची कायम ऋणी राहणार होती. कप्तान म्हणाला, मत घेऊ, तू जा, फोन करतो. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

ती पाच वाजून चाळीस मिनिटांनी घरी पोचली. वडील खुर्चीत बसले होते, टीव्ही बंद, यंत्र बाजूला वायर नीट गुंडाळून ठेवलेलं. "लवकर आलीस. सुतकाची सुट्टी दिली वाटतं," ते म्हणाले. ती हसली नाही, चप्पल काढली, समोरच्या स्टुलावर बसली आणि ते उठायच्या आत सांगून टाकावं म्हणून सरळ सांगितलं. तारीख सांगितली. वेळ सांगितली. तुम्ही शेकोटी पेटवली नव्हती, तुम्हाला बरोबर आठवत होतं, पेटवली मी.

त्यांनी हात लांब करून वही घेतली, चष्मा शोधला, तो कपाळावरच होता, खाली ओढला आणि अगदी पहिलं पान काढलं. ते तिच्यासमोर धरलं. मोठ्या, खांबावर नंबर टाकतात तशा अक्षरात लिहिलं होतं: शेकोटी पेटवली नाही. पण पेटलेली आहे. डोकं तपासून घेणे.

"पाच महिने," ते म्हणाले.

"हो."

"गोळ्या खातोय मी."

"हो, बाबा."

"अजून काय काय केलंस माझ्यामागे?" आवाज चढलेला नव्हता. खांबाखाली उभं राहून वरच्याला विचारावं तसा होता. "एकेक सांग. घरातलं, बँकेतलं, डॉक्टरचं. आत्ता सांग. नंतर कळलेलं मला चालणार नाही."

तिनं आठवून पाहिलं, प्रामाणिकपणे, जसं नोंद वाचावी तसं. "काही नाही. एवढंच."

"तू म्हणतेस तर," ते म्हणाले आणि थांबले. पुढचं "असेल" आलं नाही. ते तिच्याकडे पाहत राहिले आणि तिला कळलं की हे वाक्य पुरं होणार की नाही, हे आता तिच्या हातात राहिलेलं नाही. तिच्याकडे कॉपी नव्हती.

मग ते उठले. कपाटाच्या खालच्या खणातून हत्यारांचा पट्टा काढला, पक्कड, टेस्टर, नवा होल्डर. नवा होल्डर आणलेला होता. केव्हा आणला होता कोण जाणे. स्वयंपाकघरात जाताना भिंतीवरच्या 'दिवा' या पाटीचा कोपरा त्यांनी नखानं उचकला आणि पट्टी ओढून काढली. मग दाराबाहेर गेले, मेन बंद केला, आत आले, पुन्हा बाहेर जाऊन बघून आले. एकदाच. ती मोजत होती, आणि आपण मोजतोय याची तिला लाज वाटली. तिनं स्टूल आणून दिव्याखाली ठेवलं आणि दोन्ही हातांनी घट्ट धरलं. ते चढले. एक पाय, मग गुडघ्यावर हात टेकून दुसरा. स्टूल कुरकुरलं. शहात्तर वर्षांच्या पोटऱ्या तिच्या डोळ्यांसमोर होत्या, एक शीर थरथरत होती. खाली टणक फरशी होती.

"धरू नकोस," ते वरून म्हणाले. "तू धरलंस की मला स्टुलाचं कळत नाही."

बाहेरच्या खोलीत तिचा फोन वाजायला लागला. कप्तानाचा असणार, निकालाचा. तो वाजत राहिला. ती हलली नाही.

"सोडतेय हं," ती म्हणाली, आणि दोन्ही हात काढून घेतले.

वडिलांनी टेस्टर तारेला लावला नाही लगेच. उभे राहिले. मावळतीच्या उजेडात त्यांचे दोन्ही हात वर होते, तारेपासून वीतभर अंतरावर, आणि ते काहीच करत नव्हते. सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. फोन वाजायचा थांबला होता. मेन बंद होता, तो त्यांनी स्वतः पाहिला होता, आणि ते अजून थांबलेले होते.